आजीच्या डोळ्यांविषयी

चि. सौरभ यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली जाहिरात वाचली. मूलपेशींच्या इंजेक्शनाने काचबिंदूत गेलेली नजर परत मिळते, हा तिच्यातील दावा मला पटलेला नाही आणि आजींना तिथे न्यायचे नाही, असे मी व तुझ्या बाबांनी ठरवले आहे. नुसत्या नकाराने तुझे समाधान होणार नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

डोळ्याची नस पुन्हा वाढूच शकत नाही, असे मी म्हणत नाही. बेडकाची ती नस कापली, तरी तिचे तंतू पुन्हा वाढतात, मेंदूपर्यंत पोहोचतात आणि बेडकाला दिसू लागते. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांनी १९४० च्या दशकात न्यूट आणि बेडूक या उभयचरांवर याचाच अभ्यास केला. मात्र नस कापताना त्यांनी डोळाही खोबणीत १८० अंशांनी फिरवून ठेवला. तंतू आधी वाटेल तसे जोडले जातात आणि त्यांचे काम मागाहून ठरते, असा त्या काळी प्रबळ समज होता व स्पेरींचे गुरू पॉल वाइस हे त्याचे पुरस्कर्ते होते. तो खरा असता, तर बेडूक सावरला असता. प्रत्यक्षात माशी वर दिसली की त्याची जीभ खाली जाई, आणि ही चूक सरावाने कधीच सुधारली नाही. वर्गात हा प्रयोग शिकवताना मुले हसत. मला मात्र त्या बेडकाची नेहमीच कीव आली.

याचा अर्थ असा की दृष्टिपटलाच्या प्रत्येक भागातून निघालेला तंतू मेंदूतील आपली मूळ जागाच शोधून काढतो. पेशींवरील रासायनिक खुणा त्याला वाट दाखवत असाव्यात, हा विचार स्पेरींनी १९६३ मध्ये नीट मांडला. अशा खुणांपैकी एफ्रिन गटातील प्रथिने प्रत्यक्ष हाती लागायला १९९५ साल उजाडले. स्पेरींना १९८१ चे नोबेल मिळाले ते मेंदूच्या दोन अर्धगोलांवरील कामासाठी, या कामासाठी नव्हे, याची मला अजून चुटपुट वाटते.

सस्तन प्राण्यांत ही सोय उरत नाही. उंदराच्या दृष्टिपटलातील गँग्लियन पेशी, ज्यांच्या तंतूंची मिळून ही नस बनते, जन्माच्या सुमारास लांब तंतू वाढवण्याची क्षमता बरीचशी गमावतात. शिवाय प्रौढ मेंदूतील परिसर वाढीला अडथळा करतो. माँट्रियलमध्ये अल्बर्ट अग्वायो यांच्या गटाने १९८० च्या दशकात उंदराच्या पायातील नसेचा तुकडा डोळ्यामागे जोडून दिला, तेव्हा काही तंतू त्यातून मेंदूपर्यंत गेले आणि तिथे जुळलेही. काम थोर होते, पण पोहोचलेले तंतू अगदी थोडे होते.

आता आजींचा विचार कर. बेडकाचा तंतू तुटला होता, पेशी जिवंत होती. काचबिंदूत गँग्लियन पेशीच मरते. म्हणजे नवी पेशी दृष्टिपटलात रुजली पाहिजे, तिने आतल्या पेशींशी जुळून घेतले पाहिजे, मग लांब तंतू काढून तो मेंदूतील नेमक्या जागी नेला पाहिजे. आणि माणसाच्या एका नसेत असे सुमारे दहा लाख तंतू असतात. सुईने पेशी सोडल्या म्हणजे हे सारे आपोआप घडेल, असे मानायला कोणताही आधार नाही. काचबिंदूवर मूलपेशींचा कोणताही मान्यताप्राप्त उपचार आज नाही. उलट अमेरिकेत, दृष्टिपटलाच्या दुसऱ्या एका आजारासाठी दोन्ही डोळ्यांत चरबीतून काढलेल्या पेशींची इंजेक्शने घेतलेल्या तीन स्त्रियांची दृष्टी फार मोठ्या प्रमाणात गेल्याचे २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले.

आजींची उरलेली नजर टिकवणे आपल्या हाती आहे. त्यासाठी डोळ्यातील दाब कमी राहिला पाहिजे, म्हणून रात्रीचे थेंब चुकू नयेत एवढी तू फोनवर त्यांना आठवण करून देत जा. माझ्यापेक्षा तुझे त्या अधिक ऐकतात. काचबिंदू घराण्यात उतरतो, त्यामुळे बाबांच्या डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घेणार आहोत. सुट्टीत आलास की तुझीही तपासणी करू.

तुझी,
आई