डोळ्यात काय गेलं होतं, हे विचारणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

ग्रामीण रुग्णालयातल्या तुमच्या त्या छोट्या खोलीसमोर रोज एवढी रांग असते की आम्ही तुम्हाला आठवत असू की नाही, कोण जाणे. दाभोळच्या खाडीकाठच्या वाडीतून, कोजागिरी उलटून गेल्यावर, डाव्या डोळ्यावर पंचा धरलेले एक म्हातारे शेतकरी आणि सोबत त्यांची सून. ती सून मी. आभार मानायचे राहून गेले होते. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही आम्हाला जे सांगितलंत ते आमच्या घरातच राहू नये.

हळवं भात झोडताना बाबांच्या डोळ्यात कुसळ गेलं. "काय नाय गो, कुसळच तर गेलंय," म्हणून त्यांनी पाण्याचा हबका मारला आणि पुढची पेंढी उचलली. संध्याकाळी डोळा खुपायला लागला. आमच्याकडे अशा वेळी जे करतात तेच आम्ही केलं. शेजारच्या बाळंतिणीच्या दुधाचे दोन थेंब घातले, दुसऱ्या दिवशी मध. तिसऱ्या दिवशी मी औषधाच्या दुकानातून लाल डोळ्याचे थेंब आणले. दोन दिवस लाली उतरली, बाबा खळ्यावर गेले, मला हायसं वाटलं. मग एका रात्री ते उठून बसले ते झोपलेच नाहीत. दिवा लावला की डोळा मिटून घ्यायचे, गालावर सारखं पाणी. सकाळी बघते तर काळ्या बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका.

तुम्ही डोळा उघडून बघायच्या आधीच विचारलंत, "डोळ्यात काय गेलं होतं? आणि त्यानंतर काय काय घातलंत?" दुधाचं सांगताना माझी मान खाली गेली होती. तुम्ही रागावला नाहीत. पिशवीतली बाटली मागून घेतलीत, बारीक अक्षर वाचलंत आणि ती टेबलाच्या तुमच्या बाजूला ठेवलीत. "यात स्टिरॉइड आहे. लाली उतरते, पण आतला जंतू मोकळा सुटतो. हा थेंब आता पुन्हा नाही." मॅडम, माझ्या मते बाबांचा डोळा त्या क्षणी वाचला.

मग ती केशरी टोकाची कागदाची पट्टी, निळा उजेड, आणि बुबुळावर हिरवा उमटलेला डाग. जिथे वरची कातडी गेली तिथेच हा रंग धरतो, असं तुम्ही म्हणालात. डागाच्या कडा पिसासारख्या फुटलेल्या, बाजूला दोन लहान ठिपके. तुम्ही नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा दाबून पू येतोय का बघितलंत, साखर तपासायला पाठवलंत आणि सांगितलंत, "बुरशी वाटते. पण मी अंदाजाने औषध देणार नाही. आजच चिपळूणला जा, आधी खरवडून तपासू देत." उद्या नव्हे, आजच, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. चिठ्ठीवर कुसळ, दूध, मध, स्टिरॉइडचे दिवस, सगळं लिहून दिलंत.

चिपळूणच्या डॉक्टरांनी डोळा बधिर करून जखम अलगद खरवडली. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसले, मला बोलावून दाखवलेही. पाल्यापाचोळ्यात, मातीत, पेंढ्यात फ्युजेरियम आणि अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशा असतात, कुसळाच्या ओरखड्यातून त्या आत शिरतात. बुबुळाचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून तो काचेसारखा स्वच्छ. पण म्हणूनच शरीराची मदतही तिथे उशिरा पोचते.

औषध नॅटामायसिनचे पाच टक्क्यांचे थेंब. याहून महागडं काही द्या, असं माझे दीर फोनवर म्हणत होते. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत 323 रुग्णांवर दोन औषधांची तुलना झाली, 2013 साली ती छापून आली, आणि व्होरिकोनाझोलच्या थेंबांपेक्षा नॅटामायसिनच सरस ठरलं, फ्युजेरियमवर तर विशेष. हे औषध दक्षिण आफ्रिकेतल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून मिळालं, हे ऐकून बाबा पहिल्यांदा हसले. मातीनेच दिलं, मातीच काढतेय, म्हणाले.

पहिले दोन दिवस रात्रंदिवस दर तासाला थेंब. प्रत्येक वेळी बाटली हलवायची, कारण औषध खाली बसतं. माझ्या मुलाने वहीत तासांच्या रेघा आखल्या, सासूबाई आणि मी पाळ्या लावल्या. दुखणं कमी व्हायला अ‍ॅट्रोपिन होतं, त्याने बाहुली मोठी व्हायची. पट्टी बांधायची नाही, डोळा चोळायचा नाही. पहिला आठवडा काहीच फरक दिसेना, तेव्हा मी तुम्हाला घाबरून फोन केला होता. "बुरशी हळू जाते. ठिपका वाढत नाहीये ना? मग थेंब सोडू नका." त्या एका वाक्यावर आम्ही पुढचे पाच आठवडे काढले.

तपासणीला आलो तेव्हा रांग कमी होती म्हणून तुम्ही मला बसवून जे समजावलंत, ते मी वाडीत सांगत असते. डोळे येतात तेव्हा चिकटा येतो, खुपतं, पण दिसायचं कमी होत नाही. एकच डोळा, दुखणं, उजेड सहन न होणं, धूसर दिसणं आणि पांढरा ठिपका, हे बुबुळाचं दुखणं. त्यात एक दिवसही घालवू नये. जिवाणूंची जखम एक-दोन दिवसांत भराभर पसरते, पू होतो, तिला अँटिबायोटिकचे थेंब लागतात. नागिणीच्या जातकुळीतला हर्पिसचा विषाणू झाडाच्या फांदीसारखी जखम करतो, पुन्हा पुन्हा उलटतो, त्याचं मलम वेगळं. नणंदेची मुलगी कॉन्टॅक्ट लेन्स वापरते, हे कळल्यावर तुम्ही ती विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्याने कधीच धुवायची नाही, असं बजावलंत. पाण्यातला अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव डोळ्यात गेला तर डोळा दिसतो त्यापेक्षा कितीतरी जास्त ठणकतो आणि औषध महिनोन्‌महिने चालतं. लाल तर सगळेच दिसतात. म्हणून तर सगळ्यांवर तीच एक बाटली दुकानातून आणू नये, हे मला तेव्हा समजलं.

यंदा झोडणीला बाबांनी साधा पारदर्शक चष्मा लावला. त्यांचं बघून आणखी चौघांनी लावला. माडाच्या चुडत्याचं टोक लागलेल्या शेजारच्या काकीला मी त्याच दिवशी तुमच्याकडे घेऊन आले. तिच्या डोळ्यात कुणी दूध घातलं नव्हतं.

बाबांच्या डोळ्यात फूल राहिलं आहे. ते राहणार, हे तुम्ही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतंत, म्हणून आम्हाला फसल्यासारखं वाटलं नाही. हे पत्र लिहिताना ते पडवीत बसले होते. तुमच्यासाठी उकड्या तांदळाची पिशवी बांधून ठेवली आहे. मॅडमना काय लिहू, विचारलं तर उजवा डोळा हाताने झाकून खाडीकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "लिही, होडी दिसते. होडीत कोण बसलंय ते ओळखू येत नाय. पण होडी दिसते."

आपली कृतज्ञ,
बाबांची सून