कास पठारावरच्या मावशींना

मावशी,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गेल्या सप्टेंबरात सांगलीहून आलेलो आम्ही. काळा चष्मा लावलेले, माझा हात धरून चालणारे म्हातारे गृहस्थ आठवतात का? ते माझे बाबा.

काचबिंदूनं त्यांची नजर गेली, त्याला चार वर्षं झाली. त्या सहलीच्या आदल्या वर्षी एका नावाजलेल्या ठिकाणी तिकीट देणाऱ्यानं त्यांच्यादेखत विचारलं होतं, "यांना दिसत नाही, तर आणलंत कशाला?" बाबा काही बोलले नाहीत. पण पुढं कुठं जायचा विषय निघाला की म्हणायचे, "तुम्ही जाऊन या." त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

तुम्ही असलं काही विचारलं नाहीत. "आण्णा, जरा खाली बसा," म्हणालात. डोक्यावरची खोळ काढून ओल्या जांभ्यावर अंथरलीत आणि स्वतः भुरभुर पावसात उकिडव्या बसलात. मग बाबांचं बोट धरून दवबिंदू नावाच्या रोपाच्या एका पानाला अलगद टेकवलंत. "चिकाट लागतंय न्हवं? माशी अशीच अडाकती बघा. पर दाबायचं न्हाई हां, रोप न्हानगं हाय."

बाबा क्षणभर गप्प. मग म्हणाले, "ड्रॉसेरा!"

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवताना त्यांनी हे रोप फळ्यावर काढलं होतं. हात लागला तो त्या दिवशी. मग तिथंच त्यांचा वर्ग भरला. जांभ्यावर माती जेमतेम, तिच्यात नत्र कमी, म्हणून ही रोपं किडे धरतात. सीतेची आसवं या दुसऱ्या रोपाचे सापळे तर मातीत लपलेले. तुमचं अख्खं आयुष्य त्या पठारावर गेलेलं, तरी तुम्ही शाळेतल्या मुलीसारख्या ऐकत होतात.

850 हून जास्त जातींची फुलझाडं आहेत म्हणे कासला. 2012 साली युनेस्कोच्या यादीत नाव गेलं आणि गाड्यांची रीघ लागली. फोटोसाठी तेरड्यात बसकण मारणारी मंडळी त्या दिवशीही होती, त्यांना तुम्ही शिट्टी फुंकून उठवलंत. फूल तुडवणाऱ्याला हाकलायचं आणि त्याच पठारावरचं एक पान आंधळ्या माणसाच्या बोटाला द्यायचं, हे दोन्ही तुम्हाला कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही. कास, एकीव, आटाळी, कासाणी या तुमच्या गावांनी पठार राखलंय म्हणतात. ते कसं राखलंय, ते मला त्या दिवशी समजलं.

निघताना मी पैसे पुढं केले, तर तुम्ही हात मागं घेतलात. "आण्णास्नी फुडच्या साली आणा," एवढंच म्हणालात.

सातारा येईपर्यंत बाबा त्या बोटावरून अंगठा फिरवत होते. यंदा कासचं बुकिंग कधी सुरू होतंय, हे त्यांनीच दोनदा विचारलंय. येताना तासगावचे बेदाणे आणतो. तेवढे तरी घ्या.