तक्रार: काळ्या केसांवर एकाच बैठकीत फिकट निळा रंग येतो हा डब्यावरचा खोटा दावा, आणि मराठीत सूचना नसल्यामुळे झालेली इजा

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, शिवणकाम करते. मे महिन्यात तुमचा ब्लीच आणि फिकट निळ्या रंगाचा संच ८४९ रुपयांना ऑनलाइन मागवला. रंग निवडायला मला वेळ लागला नाही. आमच्या वावरात बाबा दरवर्षी थोडं जवस पेरतात. सकाळी त्याला जी निळसर फुलं येतात, अगदी तोच रंग तुमच्या डब्यावरच्या मुलीच्या केसांना होता. जवसाच्या पाकळ्या ऊन चढलं की गळतात. तो रंग दिवसभर आपल्या डोक्यावर असावा, असं मला कितीतरी दिवसांपासून वाटत होतं.

डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘घरच्या घरी, ४५ मिनिटांत, काळ्या केसांवरही’ अशा अर्थाचं इंग्रजीत लिहिलं आहे. आतला कागदही इंग्रजीतच, आणि मुंगीएवढ्या अक्षरांचा. मी बारावी झाले आहे, रोजचं इंग्रजी वाचते, पण रसायनाच्या सूचना वाचण्याइतकं ते पुरत नाही.

पार्सल आमच्या गावापर्यंत येत नाही. ते चार दिवस तालुक्याला टिनाच्या खोलीत पडून होतं. हातात आलं तेव्हा डेव्हलपरची, म्हणजे ब्लीचची पावडर ज्यात कालवायची त्या हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पाण्याची, बाटली फुगलेली होती. मी त्याच दिवशी तुमच्या ग्राहक सेवेला फोन करून विचारलं. ‘काही होत नाही, वापरा’ असं उत्तर मिळालं. झाकण फिरवताच फस्सकन हवा बाहेर आली. हायड्रोजन पेरॉक्साइड उष्णतेने फुटतं, त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होतो, म्हणून बाटली फुगते, हे मला नंतर कळलं. तुमच्या फोनवरच्या माणसाला ते त्या दिवशीच माहीत असायला हवं होतं.

संचात वाटी नव्हती. वहिनीने घरातल्या जर्मनच्या वाटीत पावडर कालवली. ब्लीच धातूच्या भांड्यात कालवू नये, ही ओळ तुमच्या कागदावर आहे, सातव्या क्रमांकाला. माझ्या मामेभावाने ती आम्हाला वाचून दाखवली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

बाटलीवर ‘४० व्हॉल्यूम’ लिहिलं होतं. म्हणजे १२ टक्के पेरॉक्साइड. २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के, आणि घरी पहिल्यांदा करणाऱ्या माणसाच्या हातात फार तर तेवढंच द्यायला हवं. १२ टक्क्यांचं पाणी तुम्ही थेट टाळूवर लावायला दिलं, तेही विदर्भातल्या मे महिन्यात, जिथे दुपारी पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. उष्णतेने ब्लीच जोरात चालतं. डोक्याच्या उबेमुळे मुळांशी तर ते आणखी लवकर चालतं, म्हणून मुळांना शेवटी लावायचं असतं. हे तुमच्या कागदावर कुठेही नाही. विसाव्या मिनिटाला टाळूला अशी आग सुटली की वहिनीने न्हाणीत बसवून बादलीमागून बादली ओतली. दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवलं. कानामागे दोन ठिकाणी फोड आले होते, त्यांचे डाग अजून आहेत.

आता केसांचं सांगते. मुळांशी दोन बोटं पिवळे, मधे गुळाच्या काकवीसारखे नारिंगी, आणि टोकांना तांबूस काळे. टोकांवर दोन वर्षांची काळी मेंदी होती. आमच्याकडे ती पुडी प्रत्येक किराणा दुकानात मिळते, निम्म्या बाया लावतात. अशा काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात, आणि पेरॉक्साइडशी त्यांची गाठ पडली की केस तापतात, तुटतात. माझी टोकं हाताला गरम लागत होती. मेंदी लावलेल्यांनी हा संच वापरू नये, एवढं एक वाक्य डब्यावर असतं तर मी तो मागवलाच नसता.

काळा केस एकदम पांढरा होत नाही. तो आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा होतो. फिकट निळा हवा तर केळीच्या सालीच्या आतल्या बाजूइतका फिका व्हावा लागतो. आमच्यासारख्या दाट काळ्या केसांना त्यासाठी एकाहून जास्त वेळा, मधे आठवडे सोडून ब्लीच करावं लागतं. ही गोष्ट तुम्हाला माहीत नाही, असं मी मानत नाही. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतानासुद्धा आधी जुना रंग खरवडतात. दोन दिवसांनी मी निळा लावला, तो पिवळ्यावर हिरवट आणि नारिंगीवर मातकट झाला. ओला केस ओढला की शिजलेल्या शेवईसारखा ताणायचा आणि तुटायचा. कमरेपर्यंतचे केस शेवटी मानेपर्यंत कापले. आईने कापले, आणि ती रडत होती.

तक्रार केली तेव्हा तुमच्या बाईंनी सांगितलं, ‘हा माल पार्लरसाठी आहे, चूक वापरणाऱ्याची.’ मग डब्यावर ‘घरच्या घरी’ कोणी छापलं?

मामेभाऊ वकिली शिकतो, त्याने नियम काढून दिला. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांत केसांच्या रंगाबाबत स्पष्ट बंधन आहे: सावधगिरीची सूचना इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत हवी, आणि कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून २४ तास थांबण्याची चाचणीही त्या भाषांत सांगायला हवी. तुमच्या डब्यात मराठीचं एक अक्षर नाही.

मला ८४९ रुपये आणि औषधांचा खर्च परत हवा. त्याहून जास्त हवं आहे ते असं, की या संचात मराठी कागद घाला, काळ्या मेंदीचा इशारा डब्याच्या तोंडावर छापा, आणि ४० व्हॉल्यूमची बाटली घरगुती संचातून काढा. माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या तीन मुलींनी हाच डबा मोबाईलवर निवडून ठेवला होता. मी त्यांना थांबवलं. बाकीच्या गावांत कोण थांबवणार?

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, तुमच्या शहरात यायची मला गरज नाही.

बिलाची प्रत, फुगलेल्या बाटलीचे व बॅच क्रमांकाचे फोटो, आरोग्य केंद्राचा कागद आणि कापलेल्या केसांची एक बट सोबत पाठवत आहे. बट उन्हात धरून बघा, तिन्ही रंग दिसतील.

आपली ग्राहक,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ