ब्लास्टिंगची वापरलेली ग्रिट सगळी एकाच ढिगात टाकू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कचऱ्यावर पेपरात प्लास्टिक, ई-कचरा, बांधकामाचा राडारोडा असं बरंच येतं, पण पूल, टाक्या, जहाजं, पाइपलाइन यांच्यावरचा गंज आणि जुना रंग काढायला हवेच्या जोरानं जी ग्रिट, म्हणजे खरखरीत दाणे, मारतात (यालाच ब्लास्टिंग म्हणतात) तिचं पुढं काय होतं यावर कधी काही वाचलं नाही म्हणून लिहितोय. मी ब्लास्टिंग-पेंटिंगच्या लायनीतच काम करतो. काम उरकलं की खाली काळपट ढीग पडलेले असतात, ते सगळं एकत्र झाडून गाडीत भरायचं आणि कुठंतरी भरावाला टाकून मोकळं व्हायचं, असं बऱ्याच साइटवर चालतं. बघून खरंच जीव तुटतो, कारण त्यातला बराचसा माल परत वापरता येण्यासारखा असतो.

आता सगळा मीडिया, म्हणजे ब्लास्टिंगला मारायचा माल, सारखा नसतो हे आधी सांगतो. स्टील शॉट (गोल दाणे) नि स्टील ग्रिट (धारदार दाणे) कोरडी ठेवली, साफ करत राहिलं, तर शंभराच्या वर फेऱ्या आरामात देते. चांगलं गार्नेट, हे एक कठीण खनिज, 3 ते 5 वेळा फिरवता येतं. कॉपर स्लॅग, म्हणजे तांब्याच्या भट्टीतली मळी, आदळलं की फुटतं त्यामुळं ते जवळजवळ एकदाचंच. आणि साध्या वाळूचं तर नावच काढू नका, फुटलेल्या वाळूची बारीक धूळ फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. ब्रिटनमध्ये तर 1949 च्या नियमांनीच कास्टिंग वगैरेच्या ब्लास्टिंगला वाळू वापरायला बंदी घातली होती, तरी अजून कुठं कुठं वाळू मारतात.

बंद ब्लास्ट रूम असेल तर परत वापरणं सोपं आहे, खाली पडलेला माल स्क्रू कन्व्हेयरनं एलिव्हेटरला जातो, तिथनं वर जाऊन चाळणीतनं आणि हवेच्या झोतातनं खाली पडतो, धूळ आणि रंगाचे पापुद्रे डस्ट कलेक्टरकडं ओढले जातात आणि जड दाणे परत हॉपरमध्ये, म्हणजे साठवणीच्या टाकीत. उघड्यावर काम असेल तर ताडपत्रीनं नीट बंद करून घ्यावं लागतं आणि व्हॅक्यूमनं माल उचलावा लागतो. त्रास आहे, पण अशक्य नाही.

मात्र परत वापरा म्हटल्यावर काही जण जमिनीवरनं फावड्यानं उचलून तसंच पॉटमध्ये, म्हणजे ग्रिट मारायच्या मशीनच्या टाकीत, भरतात, ते फेकण्यापेक्षाही वाईट. त्यात धूळ असते, तेल असतं, मीठ असतं. तेच लोखंडावर बसतं, वर प्रायमर मारला की काही काळानं रंगाला फोड येतात आणि मग रंगाच्या कंपनीला शिव्या. एक साधी टेस्ट आहे, पारदर्शक बाटलीत थोडी ग्रिट घ्या, स्वच्छ पाणी घाला, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वर तेलाचा तवंग आला तर तो माल वापरायचा नाही, पाणी बराच वेळ गढूळच राहिलं तर धूळ जास्त आहे, परत चाळायचा. मीठ डोळ्याला दिसत नाही, त्याला कंडक्टिव्हिटी मीटर, म्हणजे पाण्यातनं वीज किती वाहते ते मोजणारं यंत्र, लागतो. आणि साध्या लोखंडावर वापरलेली ग्रिट स्टेनलेस स्टीलवर अजिबात मारू नये, लोखंडाचे कण रुततात आणि स्टेनलेसवर गंजाचे डाग उठतात.

खरा घोळ जुन्या रंगाचा आहे. जुन्या पुलांवर, टाक्यांवर रेड लेड प्रायमर असतो, म्हणजे शिसं. तिथं स्लॅग मारलं की शिसं सगळ्या ढिगात मिसळतं आणि टेस्टमध्ये शिसं जास्त निघालं तर तो अख्खा ढीग घातक कचरा ठरतो. तेच काम स्टील ग्रिटनं केलं तर ग्रिट साफ होऊन परत फिरते आणि शिसं बहुतेक डस्ट कलेक्टरच्या पिंपात गोळा होतं, घातक कचरा कितीतरी कमी. म्हणजे कचरा किती होणार हे काम सुरू व्हायच्या आधी, मीडिया निवडतानाच ठरतं, पण तेव्हा कुणी विचारच करत नाही.

झिजून गेलेल्या मालालाही वाट आहे. स्टीलचा चुरा भट्टीत वितळवता येतो. स्लॅगमध्ये लोह असतं, सिमेंटच्या भट्टीला लोह लागतंच, तिथं ते कच्चा माल म्हणून चालतं, टेस्ट करून काँक्रीटमध्ये थोड्या वाळूच्या जागीही घालतात. पण ढीग स्वच्छ पाहिजे! एका कोपऱ्यातला शिशाचा रंग त्यात मिसळला की कुणी हात लावत नाही.

टेंडरमध्ये ब्लास्टिंगचा रेट चौरस मीटरवर असतो, माल गोळा करणं, तपासणं, नेऊन देणं याची वेगळी ओळच नसते, मग ठेकेदार सगळ्यात स्वस्त माल आणणार आणि सगळ्यात जवळ टाकणार, त्याला तरी काय दोष द्यायचा. काम देणाऱ्यांनी ही ओळ घालावी, माल कुठं गेला त्याची पावती मागावी, पावतीशिवाय शेवटचं बिल पास करू नये. आणखी एक, नोझल धरणाऱ्याला हवा पुरवणारं हेल्मेट मिळतं, पण तोच ढीग झाडणाऱ्याच्या तोंडाला नुसतं फडकं बांधलेलं असतं. धूळ दोघांनाही तीच लागते, त्यालाही नीट मास्क द्या.

आपला,
ब्लास्टिंगच्या कामातला एक वाचक