जुन्या बासचं पिकअप काढून फेकू नका

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुन्या वाद्यांच्या किमतींवर लेख आला होता. त्यात बास गिटारवर जेमतेम दोन ओळी आणि त्या पण अशा की बास जितका जुना तितका आवाज भारी. राहवलं नाही म्हणून लिहायलोय. परभणी-नांदेडकडं ऑर्केस्ट्रात आणि भीमजयंतीच्या कार्यक्रमांत मी बास वाजवतो, लोकांचे जुने बास हातात येतात, आणि सध्या त्यांचं जे व्हायलंय ते बघून जीव तुटतो. माळ्यावरचा बास दुकानात न्यायचा, दुकानदार म्हणणार पिकअप (तारांखालचा आवाज पकडणारा भाग) गेलंय नवीन टाकू, आणि जुनं तिथंच भंगारच्या डब्यात. बऱ्याचदा ते गेलेलंच नसतं, नुसता सोल्डरचा टाका सुटलेला असतो नाहीतर व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे बटणाखालचा भाग, खराब असतो.

आवाज वयातून येत नाही हो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, वर स्टीलची तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज तयार होते आणि तीच ॲम्पला (ॲम्प्लिफायरला) जाते. वेढे किती, चुंबक कुठलं आणि मुख्य म्हणजे पिकअप तारेखाली नेमकं कुठं बसवलंय, सगळा खेळ इथं आहे. गिब्सन कंपनीचा 1961 चा ईबी-3 बास घ्या, त्याचं मोठं हंबकर (दोन कॉइलचं, घरघर मारणारं पिकअप) अगदी नेकला म्हणजे बासच्या दांड्याला खेटून, तिथं तार ब्रिजपेक्षा (खाली तारा टेकतात ती पट्टी) कितीतरी जास्त हलते म्हणून आवाज एकदम जाड आणि गडद, मल्टिमीटरनं तारेचा रोध मोजला तर 25-30 किलोओमपर्यंत जातो एवढे वेढे. एकट्यात ऐकायला मस्त, पण ढोलकी आणि ऑक्टोपॅड सुरू झाला की बास कुठल्या सुरावर चाललाय तेच कळत नाही. त्याच्या उलट फेंडर कंपनीचा जॅझ बास, 1960 पासून दोन सिंगल कॉइल (एकाच कॉइलची पिकअप), एकेक साधारण 7-8 किलोओमचं, ब्रिजकडचं एकटं ठेवलं की थोडा नाकातला पण बोट न् बोट ऐकू येणारा आवाज. आणि 70 च्या दशकात ते मागचं पिकअप ब्रिजकडं अजून थोडं सरकवलं गेलं, म्हणून त्या काळातला जॅझ बास आधीच्यापेक्षा जास्त टणक वाजतो. आता दोन्ही जुनेच की, मग कुठला भारी ठरवायचा?

मंडपात वाजवायचं असेल तर माझं मत सरळ आहे, फेंडरचाच प्रिसिजन बास. 1951 ला तो आला तेव्हा त्याला पण साधी सिंगल कॉइलच होती, 1957 ला कंपनीच्या लिओ फेंडरनं तिचे दोन तुकडे केले, दोन जाड तारांखाली एक आणि दोन बारीक तारांखाली दुसरा, दोन्हीचे वेढे आणि चुंबकं एकमेकांच्या उलट. त्यामुळं बाहेरून येणारी घरघर एकमेकीला मारते आणि तारेचा आवाज तेवढा राहतो. आपल्याकडं जनरेटर, लाइटचे डिमर, अर्थिंगचा पत्ता नाही, 50 हर्ट्झची घरघर सिंगल कॉइलमधून सरळ स्पीकर बॉक्समध्ये येते. जॅझ बासचे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण ठेवले तर तिथं पण घरघर बसते, पण एक जरा कमी केला की परत सुरू.

तुलना करायची तर नीट करा एवढंच म्हणणं आहे. एकावर गंज चढलेल्या तारा, दुसऱ्यावर नवीन राउंडवाउंड (गोल वायर गुंडाळलेल्या, झणझणीत वाजणाऱ्या) तारा, ॲम्प वेगळा, आणि म्हणायचं याचं पिकअप बेकार, हे बरोबर नाही. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांत बास वाजवणाऱ्या जेम्स जेमरसनचा तो गोल, दाबलेला आवाज प्रिसिजनच्या पिकअपचा जेवढा तेवढाच फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारांचा आणि ब्रिजच्या झाकणाखालच्या स्पंजचा. तारा सारख्या टाका, पिकअपची उंची सारखी करा, एकाच ॲम्पवर ऐका, मग बोला.

खरा जुना फेंडर आपल्याकडं सहसा कुणाच्या घरात निघणार नाही, निघतात ते जपानी कॉपी नाहीतर कलकत्त्याचे गिव्हसन (गिब्सन नव्हे). पण नाव बघून ते हलके समजू नका. एका पोराच्या वडिलांचा जपानी बास होता, शहरातल्या दुकानात त्याचं पिकअप काढून खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेलं स्वस्तातलं टाकून दिलं, आवाज मोठा झाला पण सगळा कर्कश, आणि मूळ पिकअप मागायला गेले तर सापडेना.

म्हणून वाचकांना विनंती आहे. पिकअप मेलं म्हणायच्या आधी मल्टिमीटर लावून बघा, रीडिंग नीट आलं तर कॉइल बहुतेक शाबूत आहे, दोष बाहेर शोधा. वर आलेले चुंबकाचे खिळे स्क्रूड्रायव्हरनं किंवा हातोडीनं खाली ठोकू नका, फेंडर पद्धतीच्या जुन्या पिकअपात तार थेट त्या खिळ्यांवरच गुंडाळलेली असते, खिळा जरा सरकला तरी आतली तार तुटू शकते आणि चांगलं पिकअप तुमच्या हातानं मरतं. टेम्पोत बास स्पीकर बॉक्सला टेकवून ठेवू नका, स्पीकरच्या तगड्या चुंबकाजवळ राहून पिकअपचं अल्निको चुंबक कमजोर होऊ शकतं.

आणि रीडिंग आलंच नाही, कॉइल खरंच तुटली, तरी फेकू नका. आपल्याकडं गावोगाव पाण्याच्या मोटारी भरणारे कारागीर आहेत, वेढे मोजून भरणं त्यांना नवीन नाही, पण मोटारची तार इथं चालत नाही, इथं बहुतेक अमेरिकन (AWG) मापाची 42 नंबरची लागते, जाडी 0.063 मिलिमीटरच्या आसपास, जरा ओढ जास्त झाली की तुटते, त्यामुळं काम पिकअप भरणाऱ्यालाच द्या किंवा ज्याचा हात तेवढा हलका आहे त्याला. चुंबक आणि मूळ सांगाडा शाबूत असला की ते परत जिवंत होतं. तोवर नवीन टाकायचंच असेल तर टाका, फक्त दुकानदाराला सांगा की जुन्याची वायर कापू नको, सोल्डर वितळवून काढ, आणि ते कागदात गुंडाळून तिथल्या तिथं मागून घ्या.

साहेब, पुढच्या वेळी या विषयावर लेख घ्याल तेव्हा किमतीच्या बरोबरीनं हे पण छापा.

आपला,
ऑर्केस्ट्रातला एक बासवाला, परभणी