अनीशच्या तीस क्रेडिटचं काय करायचं

एडिसन, न्यू जर्सी
२२ मार्च

प्रिय सुनंदा,

परवा फोनवर अनीशचा विषय निघाला आणि तेवढ्यात मिलिंदरावांनी मागून "पोलिसगिरीत काय ठेवलंय" सुरू केलं. त्या गोंधळात मुद्दा राहूनच गेला, म्हणून सविस्तर लिहितेय. पत्र मोठं आहे, चहा घेऊन बस.

तुझा प्रश्न असा, की बदलीमुळे जूनमध्ये तुम्ही ह्यूस्टन सोडलंत तर तिथल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात, क्रिमिनल जस्टिस (गुन्हे, पोलीस आणि न्यायव्यवस्थेचा अभ्यास) घेऊन अनीशने मिळवलेली क्रेडिट, म्हणजे पुऱ्या केलेल्या विषयांची एककं, इकडे न्यू जर्सीत चालतील का. चालतील गं. दोन्हीकडची कॉलेजं मान्यताप्राप्त आहेत, त्यामुळे कागदावर बहुतेक सगळी येतील. घोडं अडतं ते त्यापुढे. विद्यापीठ क्रेडिट मान्य करतं म्हणून ते पदवीच्या कामी लागतंच असं नाही. पदवी १२० क्रेडिटची. त्यातली काही सामान्य शिक्षणाची, काही मुख्य विषयाची आणि उरलेली मोकळी, म्हणजे फ्री इलेक्टिव्ह. जिथे कुठेच बसत नाही ते सगळं त्या मोकळ्या खणात जातं. तो खण भरला की पुढची क्रेडिट नुसती मार्कशीटवर दिसतात. एकाचं सोनं दुसऱ्या सराफाकडे मोडायला नेलं की तो घट धरणार, तसाच हा प्रकार. सरकारच्या हिशेब तपासणी खात्याने, म्हणजे जीएओने, २०१७ साली यावर अहवाल काढला होता. २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या मुलांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट बुडाली, असा त्यांचा अंदाज होता. सगळीच परराज्यात गेलेली नव्हती, पण आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

तू पाठवलेली यादी समोर आहे. दहा विषय, प्रत्येकी तीन क्रेडिट. टेक्सासचं मला एक आवडतं: तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत विषयांचे क्रमांक सामायिक असतात. सीआरआयजे १३०१ म्हणजे क्रिमिनल जस्टिसची ओळख, मग ते ह्यूस्टन असो की एल पासो. पहिला अंक कितव्या वर्षाच्या पातळीचा ते सांगतो, दुसरा किती क्रेडिट ते. तिथेच राहिला असता तर ४२ क्रेडिटचा कोअर, म्हणजे सगळ्यांना सक्तीच्या सामान्य विषयांचा गट, पुरा करून तो कुठल्याही सरकारी विद्यापीठात अख्खा नेता आला असता. हंट्सव्हिलचं सॅम ह्यूस्टन स्टेट तर याच विषयासाठी नावाजलेलं आहे. पण हे सगळं टेक्सासच्या हद्दीत.

आता त्याचे विषय बघ. इंग्रजीचे दोन, इतिहासाचे दोन, मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र यांची मला चिंता नाही, हे कुठेही लागतात. संख्याशास्त्र त्याने घेतलं हे फारच बरं केलं, क्रिमिनल जस्टिसच्या पदवीत ते बहुतेक ठिकाणी हवंच असतं. केंद्र सरकारवरचा विषयही राज्यशास्त्रात जाईल. पण गव्हर्नमेंट २३०६ म्हणजे टेक्सासचं राज्य सरकार आणि राज्यघटना. तिथे कायद्यानेच तो करावा लागतो, त्या पोराचा काय दोष! इथे मात्र टेक्सासच्या विधानसभेशी कोणाला देणंघेणं नाही, तो मोकळ्या खणात जाणार असं धरून चाल. आणि सीआरआयजे २३२८, पोलीस यंत्रणेचा विषय, हा सगळ्यात कळीचा. त्याचा क्रमांक दुसऱ्या वर्षाचा आहे. बऱ्याच विद्यापीठांत पोलीस यंत्रणा तिसऱ्या वर्षाच्या पातळीवर शिकवतात, आणि कम्युनिटी कॉलेजचा विषय त्या पातळीला सहसा लावत नाहीत. क्रेडिट मिळतं, पण विषय पुन्हा करावा लागतो.

माझ्या वेळी क्रिमिनॉलॉजीचं, म्हणजे गुन्हेगारीशास्त्राचं, असंच झालं होतं. विद्यापीठाकडून मूल्यमापनाचा कागद आला. डावीकडे मी केलेले विषय, उजवीकडे त्यांनी लावलेले, आणि क्रिमिनॉलॉजीसमोर नुसतं "इलेक्टिव्ह". विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, असे कागद सगळीकडेच निघतात. मी सिलॅबस जपून ठेवला होता. कुठल्या आठवड्यात काय शिकवलं, पुस्तक कुठलं, निबंध किती शब्दांचा, सगळं त्यात होतं. तो घेऊन विभागात गेले. तिथल्या बाईंनी पंधरा मिनिटं शांतपणे वाचला, दोन प्रश्न विचारले आणि त्याच कागदावर सही करून तो मुख्य विषयात धरायला सांगितलं. तेव्हा अनीशला म्हणावं, प्रत्येक विषयाचा सिलॅबस आत्ताच उतरवून ठेव. सेमिस्टर संपल्यावर कॉलेजच्या पोर्टलवरून ते कधी गायब होतात पत्ताही लागत नाही.

आता माझं मत, आणि इतकं सगळं लिहिलं ते त्यासाठीच. तीस क्रेडिट घेऊन त्याने थेट विद्यापीठाचं दार ठोठावू नये. आधी इथल्या काउंटी कॉलेजात (न्यू जर्सीत कम्युनिटी कॉलेजला हेच म्हणतात) यावं, दोन वर्षांची असोसिएट पदवी पुरी करावी आणि मगच पुढे जावं. कारण असं, की न्यू जर्सीत २००७ साली कायदा झाला आणि २००८ मध्ये त्यावरून राज्यभराचा ट्रान्सफर करार झाला. इथल्या कम्युनिटी कॉलेजची ए.ए. किंवा ए.एस. ही असोसिएट पदवी हातात असेल, तर राज्यातल्या सरकारी विद्यापीठाने ती पहिली दोन वर्षं म्हणून अख्खी धरायची. एकेका विषयाची घासाघीस उरत नाही. प्रवेशाची हमी मात्र त्यात नाही. तो मार्कांवरच मिळतो.

आणि इथे एक अक्षर डोळ्यांत तेल घालून बघायचं. क्रिमिनल जस्टिस ए.एस. असतं, तसंच काही ठिकाणी ए.ए.एस. सुद्धा असतं. मधे एक जादा ए. दिसायला दोन्ही सारखी, पण ए.ए.एस. ही थेट नोकरीसाठीची पदवी आणि ती या करारात येत नाही. माझ्याबरोबर तुरुंग खात्यातले एक गृहस्थ होते, पन्नाशीचे, ड्यूटी संपवून थेट वर्गात यायचे. त्यांच्याकडे ए.ए.एस. होती आणि अकॅडमीच्या प्रशिक्षणाची क्रेडिटही होती. पहिल्या कॉलेजने ती दिली होती, दुसऱ्याने हात वर केले. जवळजवळ वर्षभराचं काम त्यांना पुन्हा करावं लागलं. केलंही बिचाऱ्यांनी, पण मला आजही त्या सल्लागाराचा राग येतो ज्याने सुरुवातीला त्यांना हे सांगितलं नाही.

अनीशच्या बाबतीत एक गुंता आहे. त्याच्या पदवीत अर्धे विषय टेक्सासचे असतील. काउंटी कॉलेज ठरावीक क्रेडिट स्वतःकडेच करायला लावतं, आणि पुढचं विद्यापीठ बाहेरच्या विषयांकडे कसं बघतं हे आधी विचारायला हवं. तोंडी नाही, ईमेलवर. म्हणून आधी विद्यापीठ ठरवायचं आणि मग इथले विषय निवडायचे. रटगर्स न्यूअर्कला क्रिमिनल जस्टिसचं स्वतंत्र स्कूल आहे. स्टॉकटन आणि कीनलाही हा विषय आहे, रोवनमध्ये तोच लॉ अँड जस्टिस स्टडीज या नावाने आहे. एनजे ट्रान्सफरच्या साइटवर काउंटी कॉलेजचा कुठला विषय कुठल्या विद्यापीठात काय म्हणून धरला जातो ते दिसतं, त्यावर एक संध्याकाळ घालवा. जॉन जेचं नाव तो घेईलच, सगळे घेतात. १९६४ साली पोलिसांच्या शिक्षणासाठीच निघालेलं कॉलेज, नाव मोठं आहे. पण ते हडसनपलीकडे न्यूयॉर्कचं, आपला करार तिथे लागत नाही आणि फीसुद्धा बाहेरच्या राज्याची.

फीवरून आठवलं. राज्याचे रहिवासी म्हणून फी लावायला साधारण बारा महिन्यांचं वास्तव्य बघतात. तेव्हा आल्या आल्या लायसन्स, मतदार नोंदणी, घराचा करारनामा हे सगळं मार्गी लावा, कागद लागतात. काउंटी कॉलेजात पहिलं वर्ष काढायचं हेही एक कारण. आणि जुना जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, सहसा बरोबर येत नाही, फक्त क्रेडिट येतात. गणितात सी मिळाला म्हणून तो रडत होता ना? सांग त्याला, नव्या विद्यापीठात पाटी कोरी.

राहता राहिले मिलिंदराव. त्यांना म्हणावं, मी काही हातात काठी घेऊन फिरत नाही. प्रोबेशनमध्ये आहे, म्हणजे शिक्षा झालेल्यांवर तुरुंगाबाहेर देखरेख ठेवायची, कोर्टाची नोकरी आहे, आणि या नोकरीला बॅचलरची पदवी लागते. १ जानेवारी २०१७ पासून न्यू जर्सीत पैशांचा जामीन जवळजवळ बंद झाला. तेव्हापासून कोणाला सोडायचं, कोणावर किती लक्ष ठेवायचं, हे न्यायाधीश ठरवतात; त्यांना शिफारस करायचं आणि सुटलेल्यांवर लक्ष ठेवायचं काम प्रीट्रायलची, म्हणजे खटल्याआधीच्या टप्प्याची, माणसं करतात. कोर्ट, प्रोबेशन, तुरुंग, बालगुन्हेगार, पीडितांना मदत, किती वाटा आहेत. एफबीआयचंच स्वप्न असेल तर त्यांना कुठल्याही विषयातली पदवी चालते. मग अनीशने अकाउंटिंग घेतलं तरी बिघडत नाही, आणि मिलिंदरावांना तर आनंदच होईल. नागरिकत्व लागतं, पण तो ह्यूस्टनलाच जन्मला, तेव्हा तो प्रश्न मिटला. तुमच्या शेजारच्या त्या मुलीचा मात्र तसा नाही. ती एच-फोरवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, आहे, तिने पोलिसात जायचं म्हणून हा विषय घेतला असेल तर कोणीतरी तिच्या आईशी बोलायला हवं. तू बोल, मी बोलले तर आगाऊपणा वाटेल.

अनीशला म्हणावं, ह्या सेमिस्टरचे निकाल लागले की ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रक, थेट कॉलेजकडून इकडे पाठवायला लाव, घरी छापलेली प्रत चालत नाही. आणि शनिवारी सकाळी मला फोन कर. मिलिंदरावांना त्यावेळी गाडी धुवायला पाठव.

तुझी,
वैजू

ता. क. येताना मिरजेचा तो मसाला आण. इथे मिळतो त्याला वास म्हणून नाही.