पिएरला न मिळालेलं पत्र

पुणे,
रविवार, सकाळ

चि. सुमेध,

अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलले असते, पण फोनवर तू 'हं, हं' करतोस आणि मागे कीबोर्डची टकटक चालू असते. म्हणून पत्र. पाठवतेय ईमेलनेच, पण आधी पाठकोऱ्या कागदांवर हाताने लिहून काढलंय. बावीस वर्षं छापखान्यात प्रूफं वाचण्यात गेली. कच्चं केल्याशिवाय पक्कं करायला हात धजत नाही.

विषय तुला ठाऊक आहे. लिफ्टशेजारच्या बोर्डावर मी एक कागद लावला. तीन महिन्यांची टँकरची बिलं एकाखाली एक आणि शेवटी एवढाच प्रश्न, की बोअरला पाणी असताना इतके टँकर रिकामे कुठे झाले? संध्याकाळपर्यंत कागद फाडलेला. ग्रुपवर कुणीतरी त्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'काकू, टँकरच्या डोक्यावरचं टिंब राहिलं', आणि पुढे तीन हसरी तोंडं. टिंब राहिलंच होतं. 'टॅकर' गेलं होतं छापून. फाडलेल्या कागदापेक्षा मला ते जास्त लागलं.

मग रात्री तुझा मेसेज आला. 'आईच्या वतीने माफी मागतो. ती एकटी असते, समजून घ्या.' पाच वेळा वाचला मी तो. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

त्याकडे येते नंतर. आधी तुला एका बाईबद्दल सांगायचंय. तिकडे फ्रान्समध्ये तिच्या गावापासून तू जेमतेम पन्नास किलोमीटरवर राहतोस, आणि तुला पत्ता नाही.

२०२४ च्या ऑलिम्पिकचं उद्‌घाटन आपण दोघं फोन कानाला लावून बघत होतो, आठवतं? धो धो पाऊस, सेन नदीतून बोटी चाललेल्या आणि मध्येच पाण्याच्या कडेने दहा सोनेरी बायका वर आल्या. त्यातली एक कोण म्हणून मी विचारलं, तर तू म्हणालास, "आई, इथे असे पुतळे पुष्कळ आहेत." मी ते नाव वहीत टिपून ठेवलं. ऑलिम्प द गूज. (आडनाव मराठीत कसं लिहायचं यावर माझा अर्धा दिवस गेला. शेवटचा उच्चार ना आपला ज, ना आपला झ. मी ज ठेवलाय. चुकत असेल तर सांग.)

हे नाव तिने स्वतःच घेतलेलं. मूळची ती मारी गूझ, १७४८ साली माँतोबाँत जन्मलेली. कागदोपत्री बाप खाटीक. खरा बाप गावातला एक सरदार-कवी होता असं लोक बोलायचे, तीही तसंच मानायची. सतराव्या वर्षी तिचं लग्न खानावळीचा धंदा करणाऱ्या एका माणसाशी लावून दिलं. आपल्याला तो मुळीच आवडत नव्हता, हे तिने पुढे छापूनच टाकलं. वर्षभरात मुलगा झाला, पिएर. नवरा लवकरच गेला. तिने पुन्हा लग्न केलं नाही. आईच्या नावातलं 'ऑलिम्प' उचललं, आडनावात किंचित फेरफार करून पुढे खानदानी 'द' चिकटवला आणि पोराला घेऊन पॅरिस गाठलं.

तिकडे तुमच्या भागात तेव्हा घरोघर ऑक्सितान नावाची वेगळीच भाषा बोलत. म्हणजे पॅरिसची फ्रेंच तिला परकीच. लिहिण्यापेक्षा ती सांगायची आणि कारकून उतरवून घ्यायचा. तेवढ्यावरून तिची आयुष्यभर टिंगल झाली, की हिला धड लिहिता येत नाही आणि चालली देशाला शहाणपण शिकवायला. हे वाचताना माझं टिंब आठवलं मला. छापखान्यात आमच्याकडे बडे बडे लेखक यायचे. त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ आम्ही गुपचूप सुधारायचो आणि ते विद्वान म्हणून मिरवायचे. त्यांना कुणी हसलेलं मला आठवत नाही.

तिने आधी नाटकं लिहिली. एक गुलामगिरीवर होतं. फ्रान्सच्या वसाहतींत उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं राबत होती आणि पॅरिसच्या बड्या घरांचा पैसा त्याच मळ्यांत गुंतलेला. नाटक १७८५ मध्ये कॉमेदी फ्राँसेझ या पॅरिसच्या बड्या नाटकमंडळीने स्वीकारलं, रंगमंचावर यायला डिसेंबर १७८९ उजाडला. क्रांती झाली होती, बास्तीयचा तुरुंग पडला होता, मानवी हक्कांचा जाहीरनामाही निघाला होता, आणि तरीही मळेवाल्यांच्या बाजूच्या लोकांनी गोंधळ घालून ते तीन प्रयोगांत बंद पाडलं. नाटक म्हणून ते फार थोर नसावं, असा माझा अंदाज आहे. पण मानवी हक्कांत सगळे मानव धरलेत का, हे त्या वेळी नाटकातून विचारायचं म्हणजे छातीच पाहिजे.

मग ती पत्रकांकडे वळली. स्वतःच्या खर्चाने छापायची आणि पॅरिसच्या भिंतींवर डकवायची. पन्नासच्या वर निघाली असतील. सरकारी तिजोरी रिकामी झाली म्हणून लोकांनी आपखुशीने कर द्यावा, हे पहिलं, १७८८ चं. नंतर बाळंतिणींसाठी वेगळी इस्पितळं, लग्नाबाहेरच्या मुलांना हक्क, घटस्फोट, असं जे दिसेल त्यावर. खळीची बादली आणि कागदाचा गठ्ठा घेतलेला माणूस भिंतीशी उभा आहे आणि मागून ही सांगतेय, 'वरचा कोपरा नीट दाबा', असं चित्र मला उगाच दिसतं.

सप्टेंबर १७९१ मध्ये तिने तो कागद काढला, ज्यासाठी आज तिचं नाव घेतात. १७८९ च्या जाहीरनाम्यात सतरा कलमं होती. तिने ती एकेक घेतली आणि जिथे 'पुरुष' होता तिथे 'स्त्री' आणली. सतराला सतरा. मुद्रितशोधक काय करतो रे? छापलेला मजकूर समोर घेतो आणि राहिलेला शब्द समासात खूण करून आत घालतो. मला तर तो जाहीरनामा म्हणजे तपासलेलं प्रूफच वाटला. सुरुवातीलाच विचारते, पुरुषा, तुला न्यायाने वागता येतं का? हा प्रश्न तुला एक बाई विचारतेय. आणि दहाव्या कलमात म्हणते, बाईला वधस्तंभावर चढायचा हक्क आहे, तर व्यासपीठावर चढायचाही असलाच पाहिजे.

पण मला सगळ्यात आवडला तो शेवटचा भाग. एवढा जाहीरनामा, पुढे नवरा-बायकोने करायच्या कराराचा मसुदा, आणि त्यानंतर बाईसाहेब भाड्याच्या घोडागाडीवाल्याशी झालेलं भांडण सांगतात! त्याने जास्त भाडं मागितलं, ही देईना, प्रकरण न्यायाधिकाऱ्यापर्यंत गेलं आणि तिथे त्या अधिकाऱ्यानेच हिचा पाणउतारा केला. हे सगळं त्याच पत्रकात, छापून. आमच्या मालकांनी लाल शाईने काट मारली असती, 'विषयाला सोडून'. मी ठेवलं असतं. स्वारगेटला मीटरवरून भांडलेल्या कुठल्याही बाईला विचार, ते विषयाला सोडून आहे का.

ती काही देवी नव्हती, तेही सांगते. भलती आत्मप्रौढी. स्वतःला शतकातली सर्वांत सद्गुणी स्त्री म्हणवून घ्यायची. राजकारणही सरळ रेघेत नाही. बायकांच्या हक्कांचा कागद अर्पण कुणाला केला, तर राणी मारी आंत्वानेतला. पुढे राजावर खटला उभा राहिला तेव्हा, मी प्रजासत्ताकवादी आहे पण त्याचं वकीलपत्र घ्यायला तयार आहे, असं जाहीर करून बसली. राजाला शिक्षा करा, जीव घेऊ नका, एवढंच म्हणणं. दोन्हीकडचे चिडले. क्रांतीतला बडा पुढारी रोबेस्पिएर, त्याच्यावर तर तिने नाव घेऊन पत्रकं काढली होती.

जुलै १७९३ मधलं शेवटचं पत्रक होतं 'तीन मतपेट्या'. कुठलं राज्य हवं ते लोकांनाच ठरवू द्या, प्रजासत्ताक, संघराज्य की राजेशाही. खाली लेखक म्हणून आपलं नाव न घालता तिने लिहिलं, 'एक हवाई प्रवासी'. उडता फुगा निघून जेमतेम दहा वर्षं झाली होती. तू विमानांच्या कारखान्यात काम करतोस म्हणून हे मुद्दाम सांगतेय. पण मार्चमध्येच कायदा झाला होता, की राजेशाही परत आणा असं लिहिणाऱ्याला मृत्युदंड. राजेशाही हा तीनातला एक पर्याय ठेवला, तेवढं पुरलं. कागद भिंतीवर लागायच्या वेळीच तिला धरलं, २० जुलैला.

साडेतीन महिने कोठडी. २ नोव्हेंबरला खटला. तिने वकील मागितला तर न्यायालय म्हणालं, तुम्हीच तुमची बाजू मांडण्याइतक्या हुशार आहात. जन्मभर अडाणी म्हणून हसले आणि नेमकी त्या दिवशी हुशार ठरवली. पोटात मूल आहे असंही तिने सांगून पाहिलं, ते मानलं नाही. दुसऱ्या दिवशी गिलोटिन. राणीला जाऊन तेव्हा तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते. पुढे पंधराच दिवसांत शोमेत नावाच्या पुढाऱ्याने जमलेल्या बायकांना तिचं नाव घेऊन दटावलं, की घरचं सोडून राजकारण करणाऱ्या त्या पुरुषी बाईचं काय झालं ते आठवा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

मरायच्या आधी तिने मुलाला पत्र लिहिलं. पिएर तेव्हा सत्तावीस वर्षांचा, ऱ्हाइनच्या सैन्यात अधिकारी. 'माझ्या लाडक्या मुला, देशावर आणि लोकांवर भक्ती केली, तिला बळी पडून मी मरते आहे', अशी सुरुवात आहे. ते पत्र त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. सरकारी वकिलाच्या कागदांत अडकून राहिलं. तिकडे पिएरने, आईला जाऊन पंधरा दिवस होत नाहीत तोच, जाहीर निवेदन काढलं, की या बाईच्या मतांशी माझा संबंध नाही. तेही छापलं गेलं. म्हणजे आईचा कागद मुलाला मिळाला नाही आणि मुलाचा कागद सगळ्या देशाला मिळाला.

मी पिएरला नावं ठेवत नाहीये. त्याला बायकोमुलं होती, आईपायी नोकरीवर गदा आली होती, आणि तेव्हा डोकी कशावरूनही उडत होती. त्याच्या जागी मी असते तर मीही सही केली असती, कदाचित जास्त लांबलचक मजकुरावर. पुढे तो फ्रेंच गयानात गेला आणि तिथेच वारला. आईचं ते पत्र नंतर कधी त्याच्या नजरेला पडलं का, हाच विचार माझ्या डोक्यात घोळत राहतो.

ती गेली आणि तीन महिन्यांत, फेब्रुवारी १७९४ मध्ये, फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली. नेपोलियनने १८०२ मध्ये ती परत आणली, हेही आहेच. बायकांना मत मिळालं १९४४ मध्ये. आणि तिचं नाव? वेडगळ बाई म्हणून इतिहासाच्या तळटिपेत. १९८१ मध्ये ऑलिव्हिए ब्लाँ याने दप्तरं धुंडाळून चरित्र लिहिलं, तेव्हा कुठे लोक नीट वाचू लागले. २०१६ मध्ये तुमच्या संसदेत तिचा अर्धपुतळा बसवला, तिथला बाईचा पहिला. आपल्याकडे बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ चं, तेही स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा काढेपर्यंत कुणाच्या हाती नव्हतं. मी छापखान्यात लागले तेव्हा ताराबाईंचं नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं.

तर सुमेध, माझं डोकं कुणी उडवणार नाहीये. फार तर पार्किंगमध्ये कुणी बोलणार नाही, आणि त्यातले दोघं मुळात बोलण्यासारखे नाहीतच. तुला माझा कागद पटला नाही तर मला सांग. चांगलं तासभर भांड, कीबोर्ड बाजूला ठेवून. पण माझ्या वतीने माफी मागू नकोस. आणि 'एकटी असते' हे तर मुळीच लिहू नकोस. एकटी असते हे खरं आहे, पण टँकरचा हिशेब त्याने बदलत नाही.

एक काम कर. तुलूझहून माँतोबाँला गाडीने अर्धा तास लागतो. एखाद्या रविवारी जा. सगळं गाव लाल विटांचं आहे म्हणतात, खाली तार्न नदी. चित्रकार अँग्रच्या नावाचं संग्रहालय सगळे बघतात, ते तूही बघ. पण तिथल्या नाट्यगृहाला आता तिचं नाव दिलंय, त्याच्या पाटीचा फोटो मला पाठव. जवळून काढ, अक्षरं दिसली पाहिजेत. आणि दारातल्या कुणाला तरी ते आडनाव मोठ्याने म्हणायला लाव नि रेकॉर्ड करून पाठव. ज की झ, ते एकदाचं मिटवायचंय मला.

डिंकाचे लाडू केलेत. पुढच्या आठवड्यात तिकडे येणाऱ्या कुणाबरोबर तरी धाडते. थंडीत रोज एक खा, ऑफिसात वाटत सुटू नकोस.

आणि हो, कागद आज सकाळी पुन्हा लावलाय. चौथ्या महिन्याचं बिल घातलंय आणि टँकरला टिंब दिलंय.

तुझी,
आई